आप्पांचा सोनचाफा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी आणि निर्मळ यांच्यामध्ये, एक वाडी होती. केळी, पानवेली, मोगरा आणि विहिरीच्या कडेने सोनचाफ्याची कलमं. वाडी आप्पांची, पण फुलांचा धंदा उभा होता तो थोरल्या सुनेच्या हातांवर. रात्री जेवणं उरकली की गजरे ओवायचे, पहाटे बॅटरीच्या उजेडात चाफा उतरवायचा, विरारला मालडब्यात पाटी चढवायची आणि उजाडायच्या आत दादरचा फूलबाजार गाठायचा. परत येऊन घरादाराचा स्वयंपाक. सगळे जेवून उठले की मागे उरेल ते तिचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्या घरात पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं होतं, आणि चालत आलेलं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तिचे केस मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. लग्न होऊन आली तेव्हा कमरेखाली जाणारी वेणी. आता सातवीतली लेक केस विंचरायला बसली की शेपटा चिमटीत मावायचा. मोरीच्या जाळीवर रोज गुंता, केरात केस, भाकरीच्या पिठात केस. एकदा दादरला एका गिऱ्हाइकाने गजरा हातात घेतला, कळ्यांत अडकलेला लांब केस ओढून काढला आणि एक शब्द न बोलता गजरा पाटीत परत ठेवला. त्या दिवसापासून ती डोक्याला फडकं बांधून ओवायला बसू लागली.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. शेजारणीने माका आणि जास्वंदीचं तेल उकळून दिलं. कुणी कांद्याचा रस चोळायला सांगितलं. धाकट्या जावेने सगळा दोष बोअरच्या पाण्याला दिला. विरारच्या पार्लरमध्ये एका बैठकीचे इतके पैसे घेतले की तिने तो आकडा घरी सांगितलाच नाही. सासूबाईंनी अमावास्येला मीठ-मोहरी ओवाळून नजर काढली. तेलाने केसाची काडी मऊ राहते, कमी तुटते, इतकं खरं. पण मुळाला जे लागतं ते रक्तातूनच यावं लागतं, आणि तिच्या रक्ताची चौकशी कुणी केली नव्हती. विरारच्या पुलाचा जिना चढताना ती मध्येच कठडा धरून थांबायची. तांदूळ निवडायला सूप घेतलं की चिमूट चिमूट कच्चे तांदूळ तोंडात टाकत राहायची. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, पाटी उचलताना भीती वाटायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला आप्पांचा सोनचाफा पिवळा पडू लागला.

शेजारचं बावखल, म्हणजे पाण्याचं तळं, बुजवून तिथे इमारत उभी राहिल्यापासून विहिरीचं पाणी मचूळ लागत होतं. आता कलमांची शेंड्याची कोवळी पानं पिवळी दिसत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक होती. आप्पांनी एक पान खुडलं, उन्हासमोर धरून उलटसुलट पाहिलं, मुळाशी बसून माती चिमटीत चोळली. पानं पिवळी पडली म्हणून कुणी झाडाला हिरवा रंग लावत नाही. आप्पा थेट डहाणूला गेले, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवून आले. तिथे सांगितलं ते असं : मातीत लोह असेलही, पण क्षार वाढले की मुळांना ते उचलता येत नाही. जुन्या पानातलं लोह झाडाला नव्या पानाकडे हलवता येत नाही, म्हणून शेंडा आधी पिवळा पडतो. फेरस सल्फेट फवारा, त्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घाला म्हणजे लोह झाडाला लागेल अशा रूपात टिकेल. आणि मुळाशी पाणी तुंबू देऊ नका.

संध्याकाळी ओटीवर आप्पांनी फवाऱ्याचा पुडा नातीपुढे धरला. चष्मा असूनही बारीक अक्षर त्यांना लागत नव्हतं. पोरीने वाचलं आणि म्हणाली, “आप्पा, हेच नाव आमच्या निळ्या गोळीच्या पाकिटावर असतं.”

“कसली निळी गोळी?”

“शाळेत देतात ती, दर आठवड्याला. रक्तासाठी. बाई म्हणाल्या, लोह कमी पडलं की दम लागतो, नखं फिकी पडतात, केस गळतात. काहींना माती खावीशी वाटते, खडू खावासा वाटतो, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात.”

पलीकडे सूप घेऊन बसलेल्या तिच्या आईचं चावणं थांबलं.

आप्पांनी सुनेला दिव्याखाली बोलावलं. हात पुढे करायला सांगितला. नखं कागदासारखी पांढरी होती, अंगठ्याचं नख तर मध्ये खोलगट झालं होतं.

“किती दिवस दम लागतोय, सूनबाई?”

“दोन पावसाळे झाले असतील, आप्पा.”

आप्पा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चाफा पिवळा पडून आठ दिवस झाले नव्हते, तर मी डहाणू गाठलं.”

दुसऱ्या दिवशी पाटी दादरला गेली नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केसांकडे पाहिलं, पण पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. किती दिवस, किती जातं, गाठी पडतात का. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती रडायलाच लागली. तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ८.९, बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. शरीरात लोहाचा साठा किती उरला ते सांगणारं फेरिटिन फक्त ६. थायरॉईड ठीक. सोनोग्राफीत गर्भाशयाला एक लहान गाठ दिसली. रक्त कुठे जातंय त्याचा पत्ता लागला.

“शरीर हिशेबी असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लोह कमी पडलं की आधी रक्ताला पुरवतं. केसांवाचून जीव जात नाही, म्हणून कात्री तिथे लागते. केस किती फेरिटिनला गळायचे थांबतात यावर आमच्यातही एकमत नाही, पण सहावर वाद घालायचं कारण नाही. सरसकट प्रत्येकीचं गळणं लोहामुळे असतं असंही समजू नका. बाळंतपण, मोठा ताप, थायरॉईड, कितीतरी कारणं आहेत. म्हणून तपासल्याशिवाय महिनोन् महिने गोळ्या कुणी घेऊ नयेत. आणि एक लक्षात ठेवा : आज गळणाऱ्या केसाची वाढ दोन-तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते. गोळी सुरू केल्यावरही काही दिवस केस जातील. तेव्हा घाबरून गोळी सोडू नका.”

आप्पांनी दबक्या आवाजात विचारलं, “आमच्याकडे फेरस सल्फेटचा पुडा आहे...”

“तो झाडासाठी,” त्या जरा करड्या आवाजात म्हणाल्या. “शेतीतला पुडा माणसाच्या पोटात जाता कामा नये. आणि या गोळ्याही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्यांना खाऊची गोळी वाटते, पण जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं.”

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. या फॉलिक ॲसिडचा माग थेट परळला पोहोचतो. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्ताचा अभ्यास करू लागली. त्यांच्या एका प्रकारच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क लागू पडतो, हे तिने दाखवलं. त्या अर्कातलं जे तत्त्व कामी आलं त्याला पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. कष्टकरी बाईच्या ताटात काय पडतं, हा प्रश्न तिने तेव्हाच विचारला होता. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. मला हा आकडा वाचवत नाही. गोळी आहे, फुकट मिळते, शाळेपर्यंत पोहोचते. आणि तरीही अर्ध्याहून अधिक.

गोळ्यांनी तिला सुरुवातीला मळमळू लागलं, शौचाला काळं व्हायला लागलं. घाबरून तिने कुणाला न सांगता गोळी बंद केली. लेकीने पाकीट मोजलं आणि आईला पुन्हा दवाखान्यात नेलं. काळं होणं हे लोहाचंच, त्याला भ्यायचं नाही. त्रास होत असेल तर एक दिवसाआड घ्या, तशी ती अंगालाही चांगली लागते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळीबरोबर लिंबू पिळलेलं पाणी प्या, जेवणाच्या आगेमागे चहा नको, चहा लोह अडवून धरतो. आप्पांना सायट्रिक ॲसिड आठवलं. चहाचं आधण त्या दिवसापासून जेवणाला दोन तास उलटल्यावरच चढू लागलं, आणि ते आप्पा स्वतः ठेवत.

सुनेने सगळ्यांबरोबर जेवावं म्हटलं की अडून बसायच्या त्या सासूबाई. “आम्हीही शेवटीच जेवलो,” त्या म्हणायच्या. “आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या? आमचं काय अडलं?”

मग एके दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, त्यांनी सुनेला केस विंचरायला बोलावलं. आजवर हे काम त्या कुणाला करू देत नसत. अंबाड्याचे आकडे एकेक काढले आणि काळ्या केसांचं जाडजूड गंगावन सुनेच्या मांडीवर ठेवलं. टोकाला दोऱ्याने शिवून शिवून घट्ट केलेलं. मागे उरली होती ती करंगळीएवढी पांढरी शेंडी.

“तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणानंतर गेले ते परत आलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून हे लावते. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा ठाऊक नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे.”

दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी अर्नाळ्याहून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आल्या. सासूबाईंनी स्वतः कालवण केलं, लाल माठाची भाजी लोखंडी कढईत परतली, आणि पहिला वाडगा सुनेपुढे सरकवला. मुलगा ताटावर बसून वाट पाहत होता. “ती जेवायला बसली की तुला वाढते,” त्या म्हणाल्या. सुनेच्या पुढच्या तपासणीला त्याही गेल्या आणि सुईसाठी आपला हात पुढे केला.

सोनचाफा महिन्याभरात हिरवा झाला. सुनेचं तसं झालं नाही. गोळी सुरू झाल्यावरही जाळीवर गुंता येतच होता. तिसऱ्या महिन्यानंतर तो कमी झाला. गाठीवर औषध चालू होतं, पाळी पाच दिवसांवर आली. जिना चढताना थांबावं लागेना, कच्च्या तांदळांची ओढ तर त्याआधीच गेली. मग कपाळाच्या कडेने बोटभर आखूड, ताठ केस उभे राहू लागले, फणीला दाद न देणारे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतची वेणी आता यायची तर वर्षं लागतील, आणि कदाचित तितकी येणारही नाही. हे डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ सांगितलं होतं. तिने फडकं मात्र सोडलं.

एका पहाटे मालडब्यात अर्नाळ्याची एक मासळीवाली तिच्याशेजारी येऊन टेकली. पाटी चढवताना तिला धाप लागली होती. डोक्यावरचा पदर सरकला तसा भांग रुंद झालेला दिसला. समोरची भाजीवाली लगेच म्हणाली, “कांद्याचा रस लाव गं, माझ्या भाचीला गुण आला.”

“ते राहू दे,” सून म्हणाली. “पाळी किती दिवस असते तुझी?”

मासळीवालीने इकडेतिकडे पाहिलं. गाडी नालासोपाऱ्यात थांबली, गर्दी आत घुसली. त्या गोंगाटात ती तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “दहा. कधी बारा.”

“परवा फुलं माझी जाऊ आणेल,” सून म्हणाली. “मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात.”