न मागणारी आई

मातृश्राद्धाच्या दिवशी पानं वाढून झाली की कुणीतरी म्हणतंच, "तिनं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही हो!" सात रस्त्याच्या आमच्या घरी आई गेल्यापासून दरवर्षी हे ऐकतो. बोलणाऱ्याचे डोळे भरलेले असतात, त्याबद्दल शंका नाही. पण हे खरं आहे का? आणि नसेल, तर गेलेल्या माणसाबद्दल प्रेमापोटी बोललेलं खोटं चालावं का?

श्रीगुरुचरित्र पाहावं. पीठापूरला सुमतीमातेच्या घरी अमावास्येचं श्राद्ध. ब्राह्मण अजून जेवायचे होते, तेवढ्यात दत्तप्रभू अतिथी होऊन दारी आले. तिनं भिक्षा घातली. प्रभूंनी तिला माता म्हणून हाक मारली आणि हवं ते माग म्हणाले. बरीच मुलं गेलेली, उरले दोघे. एक आंधळा, एक पांगळा. ती संकोचली नाही. मला माता म्हणालात, तेच खरं करा, एवढंच तिनं मागितलं, आणि श्रीपाद श्रीवल्लभ तिच्या पोटी आले. पुढे कुरवपूरला मंदबुद्धीच्या मुलाला घेऊन नदीत जीव द्यायला निघालेल्या बाईनं श्रीपादांसारखाच पुत्र पुढच्या जन्मी मागितला. त्यांच्यासारखा दुसरा आणायचा कुठून? ते स्वतःच कारंज्याला अंबेच्या पोटी आले. मुंज झाल्यावर नरहरी संन्यासाला निघाला तेव्हा ही अंबा गप्प बसली नाही. रडली, वाद घातला, निदान दुसरा मुलगा होईपर्यंत तरी थांब म्हणाली. जुळे मुलगे झाले, त्यानंतरच तो निघाला. अनसूयामातेचं तर सर्वांना ठाऊकच आहे. दत्तजयंतीला आपण पाळणा हलवतो, तो तिनं देवांना 'माझी मुलं होऊन राहा' असं मागितलं म्हणून.

म्हणजे आपला सगळा संप्रदाय मागणाऱ्या आयांवर उभा आहे. न मागणारी आई आपण कुठून आणली?

माझी आज्जी विधवा. सोलापुरात कडक भाकरी चवीनं खातात, पण आज्जीला तव्यावरची ताजी लागायची. "शिळं माझ्याच पानात का?" असं ती भर पंगतीत विचारायची. आईनं तर वडिलांकडे स्वतःच्या नावाचं पासबुक मागितलं होतं. घरखर्चातून उरलेले पैसे तिला डब्यात नको होते, खात्यात हवे होते. वडिलांना तो अपमान वाटला. तरी तिनं हट्ट सोडला नाही. त्याच पैशांतून तिकीट काढून ती रेल्वेनं गाणगापूर रोडला उतरायची, तिथून पुढे देवळात. कुणाची परवानगी नाही, कुणाचे उपकार नाहीत.

कुणी म्हणेल, मग त्यांचा त्याग खोटा का? मुळीच नाही. दोघी सगळ्यांच्या मागून जेवल्या, आजारपणात उठून चूल पेटवली. पण ज्याला काही नकोच असतं, त्यानं सोडलं असं म्हणता येईल का? आज्जीला गरम भाकरी आवडायची म्हणूनच पाहुणे आले की तिनं ती त्यांच्या पानात वाढली, याला किंमत. आवड पुसून टाकली की त्यागही पुसला जातो, हा हिशोब सरळ आहे. (बँकेत हयात गेली, जमा आणि नावे दोन्ही बाजू बघायची खोड जात नाही.)

गेलेल्यांना काय, चांगलं बोललं तरी पोचतं, वाईट बोललं तरी पोचतं. ऐकणाऱ्या मात्र जिवंत असतात. यंदाच्या श्राद्धाला माझी पुतणी वाढत होती. तिला पुण्याला नोकरी लागली आहे, घरात नाराजी आहे. एक वडीलधारे तिच्यादेखत म्हणाले, "तुझ्या आजीनं कधी तोंड उघडून काही मागितलं नाही, बघ." पोरीचा हात भाताच्या पातेल्यात तसाच थांबला. मी तिथेच पासबुकाची गोष्ट सांगितली, सगळ्यांसमोर. पंगत जरा अवघडली.

पुतणीनं विचारलं, "मग आजोबा रागावले नाहीत?"

"आठ दिवस बोलले नाहीत," मी म्हटलं. "नवव्या दिवशी स्वतः फॉर्म घेऊन आले."