लोडशेडिंग

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं आम्हा बाराजणांना क्लाउड आर्किटेक्चरच्या ट्रेनिंगला बसवलं. पाच शनिवार, हिंजवडीतली एसी खोली, दुपारचं जेवण कंपनीचं. तिसऱ्या शनिवारी सरांनी एक स्लाइड लावली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : लोड शेडिंग. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग आम्ही सात-आठजण हसलो. सर मुंबईत वाढलेले, त्यांना काही कळेना. शेवटी लातूरचा एकजण म्हणाला, "सर, या विषयात आम्ही लहानपणापासून सर्टिफाइड आहोत."

मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, यातच अर्धा विषय आला.

क्लाउडमधलं लोडशेडिंग असं असतं. सर्व्हरची एक क्षमता असते. त्याहून जास्त विनंत्या आल्या की रांग लागते. रांगेतला माणूस वैतागून रिफ्रेश करतो, म्हणजे त्याच्याच दोन विनंत्या होतात. थोड्या वेळानं सर्व्हर अशा लोकांची कामं करत बसतो जे केव्हाच निघून गेलेत, आणि जे थांबलेत त्यांचंही होत नाही. सगळंच झोपतं. म्हणून शहाणपण असं, की काही विनंत्या दारातूनच परत पाठवायच्या आणि आत घेतलेल्या नीट पूर्ण करायच्या. भरलेल्या एसटीचा कंडक्टर डबल बेल देतो आणि स्टॉपवरचे हात करणारे लोक मागे राहतात, तसं. त्यात कंडक्टरचं चुकत नाही. सगळे चढले तर गाडी घाटातच बसेल.

सरांनी पुढं विचारलं, "मग परत कुणाला पाठवायचं?" आणि स्वतःच उत्तर दिलं : लो प्रायॉरिटी ट्रॅफिक. पुढची स्लाइड.

मी जालना जिल्ह्यातला. दहावीला होतो ते २०१२-१३ साल. पेपरात त्याला भारनियमन म्हणत, घरात लोडशेडिंग. महावितरणनं फीडरचे गट पाडले होते. ज्या फीडरवर वीजगळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, तिथं अंधाराचे तास जास्त. कागदावर हे न्यायाचं दिसतं. पण फीडर म्हणजे माणूस नव्हे. आमच्या वडिलांनी एक बिल कधी थकवलं नाही. शेजारच्या वस्तीवर आकडे टाकलेले असत. अंधार मात्र दोघांना सारखा. वडील म्हणायचे, "बिल माझ्या एकट्याचं, अंधार सगळ्यांचा."

तरी एक गोष्ट होती. वेळापत्रक होतं. आईला दळण कधी टाकायचं ते माहीत असे, वडिलांना मोटर कुठल्या आठवड्यात रात्रीची चालवायची ते माहीत असे. वेळापत्रक सोडून लाईट गेली की शिव्या कुणाला द्यायच्या तेही ठरलेलं होतं : आधी वायरमन, मग उपकेंद्र, मग मंत्री. एकदा गावातून उपकेंद्रावर मोर्चा गेला होता. त्यातून निघालं काहीच नाही, पण 'आपल्याच घरचा बल्ब खराब आहे' असं मनात घेऊन कुणी अंधारात बसलं नाही.

हे सगळं मला तेव्हा वर्गात सुचलं नाही. वर्गात मी नोट्स काढत होतो. परीक्षा पुढं होती : ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास. प्रश्न साधारण असे असतात : अमुक कंपनीच्या वेबसाइटवर अचानक गर्दी होते, कमीत कमी खर्चात उपाय सुचवा. चार पर्याय. वाक्यातला 'कमीत कमी खर्चात' हा शब्द हेरायचा, दोन पर्याय बाद करायचे, उरलेल्या दोनांत डोकं लावायचं. मी पास झालो, बॅज लिंक्डइनवर टाकला, दीडशे लाइक आले. कामात वापरायला हातात नवंकोरं हत्यार होतं.

काही महिन्यांनी ते वापरायची वेळ आली. आमच्या टीमकडं एका संस्थेच्या शिष्यवृत्ती अर्जांची प्रणाली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी गर्दी होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी लोडशेडिंगचे नियम लिहिले. पैसे भरण्याची पायरी सगळ्यात वर, कारण तिथं अडकलं तर पैसे कापले जातात आणि गोंधळ होतो. त्याखाली अर्ज सबमिट करणं. सगळ्यात खाली कागदपत्रांचे अपलोड, कारण ते जड असतात आणि पुन्हा करता येतात. शिवाय दहा सेकंदांत पूर्ण न झालेला अपलोड तोडायचा. रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना आवडलं. आजही कुणी मला तो नियम कागदावर दाखवला तर मी त्यात चूक काढू शकणार नाही.

दहा सेकंदांत कुणाचा अपलोड पूर्ण होतो? पुण्यात वायफायवर बसलेल्याचा. कुणाचा होत नाही? ज्याच्या गावात टॉवर लांब आहे, ज्याचा फोन जुना आहे, ज्यानं उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो काढलाय आणि तो चार-पाच एमबीचा आहे. शिष्यवृत्ती ज्याच्यासाठी होती, नेमका तोच. मी कुठंही 'गरिबांना बाहेर काढा' असं लिहिलं नव्हतं. मी फक्त एक आकडा लिहिला होता. फीडरवाल्यांनी तरी काय वेगळं केलं होतं?

त्या रात्री डॅशबोर्ड हिरवागार होता. दारातून परत पाठवलेल्या विनंत्या 'नियोजित' या खात्यात जात होत्या, बिघाडात नाही. ९९.९ टक्क्यांचं आश्वासन पाळलं गेलं. हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो, पण तीस दिवसांच्या महिन्यात त्यातून ४३ मिनिटं सुटतात, आणि ती मिनिटं वर्षभर विखरून येत नाहीत. ती शेवटच्या तारखेच्या संध्याकाळीच येतात. आमची तर तीही वापरली गेली नाहीत. मॅनेजरनं ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाकले.

माझा मामेभाऊ त्या रात्री अर्ज भरत होता. त्याला या शिष्यवृत्तीबद्दल मीच सांगितलं होतं. आठवड्यानं मामाकडं गेलो तेव्हा विचारलं, भरलास का रे? तो म्हणाला, "नाही ना दादा, माझंच नेट खराब होतं. तीन-चार वेळा केलं. मग दुसऱ्या सिमवर रिचार्ज मारला, तरी नाही. शेवटी गाडी काढून तालुक्याला गेलो, तोवर केंद्र बंद." मी विचारलं, स्क्रीनवर काय येत होतं? "आपले इंटरनेट कनेक्शन तपासा."

ते वाक्य आमचं होतं. अपलोड कुठल्याही कारणानं तुटला की दाखवायचं म्हणून कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं, आणि मी नियम लिहिताना ते तसंच राहू दिलेलं. त्याचं नेट हळू होतं, पण तुटलेलं नव्हतं. तोडलं आम्ही होतं. मी लॉगमध्ये त्याच्या तालुक्यातून आलेले अपलोड शोधले. आपल्या मामेभावाचं नाव लॉगमध्ये शोधणं नियमात बसत नाही म्हणून ते शोधलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

टीम लीडशी यावर बोललो. तो माणूस चांगला आहे. म्हणाला, "तू शेडिंग केलं नसतंस तर सगळेच बुडाले असते. तुझा भाऊ तेव्हाही बुडाला असता." हे खरं आहे आणि मी बराच काळ त्याच्या आधारानं झोपलो. पण हा युक्तिवाद एवढंच सांगतो की कुणीतरी बाहेर राहणारच होतं. ते कुणी राहावं हे तो सांगत नाही, आणि बाहेर राहिलेल्याशी आपण काय बोलावं हे तर अजिबात नाही. एसटीचा कंडक्टर डबल बेल देताना स्टॉपवरच्या लोकांना 'तुम्ही हातच नीट केला नाही' असं सांगत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या कामाच्या पद्धतींवर जे पुस्तक काढलं, त्यात विनंत्यांच्या चार पायऱ्या आहेत आणि सगळ्यात खालच्या पायरीचं नावच 'शेडेबल' आहे. निदान तिथं ते नाव देऊन, उघड ठरवून केलंय. आमच्याकडं ती पायरी होती, पण तिच्यावर उभ्या असलेल्याला ते कळणार नाही अशी सोय होती.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सर ओझरतं म्हणाले होते, की 'पॅटर्न' हा शब्द घरं बांधणाऱ्या आर्किटेक्टकडून आला. तेव्हा पुढं गेलो, आता शोधून वाचलं. ख्रिस्तोफर अलेक्झांडर. तरुणपणी तो गुजरातमधल्या एका खेड्यात राहिला, आणि १९६४ च्या त्याच्या पुस्तकात एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजांची यादी आहे. १९७७ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी २५३ पॅटर्न छापले. त्यातला १५९ वा असा, की प्रत्येक खोलीत दोन बाजूंनी उजेड यावा, कारण एकाच बाजूनं उजेड असला की माणसांना एकमेकांचे चेहरे नीट दिसत नाहीत. १९९४ साली चार संगणकतज्ज्ञांनी २३ पॅटर्नचं पुस्तक काढलं, जे आम्ही मुलाखतीसाठी पाठ करतो. १९९६ साली सॅन होजेच्या परिषदेत अलेक्झांडर त्या जगासमोर बोलायला उभा राहिला आणि त्यानं साधारण असं विचारलं : तुमच्या पॅटर्नमुळं प्रोग्रॅम चांगले होत असतील, पण माणसांचं जगणं चांगलं होतं का?

त्याच्या पॅटर्नमध्ये खोलीत बसणारा माणूस असतो. आमच्या पॅटर्नमध्ये अडचण सर्व्हरला असते. 'ग्रेसफुल' हा शब्द आम्ही सर्व्हरच्या पडण्याबद्दल वापरतो. खाली कोण उभं आहे यावर स्लाइड नव्हती. असायला हवी होती, असं मला वाटतं, पण ती सरांनी दाखवायची वाट बघत बसलो हा दोष माझा.

मी दहा सेकंदांचे चाळीस केले, फोटो फोनमध्येच लहान करून पाठवायची सोय केली. हे दोन दिवसांचं काम होतं. मेसेज बदलायला तीन आठवडे लागले. मी लिहिलं होतं : 'आत्ता आमच्याकडे गर्दी जास्त आहे, म्हणून तुमचा अपलोड आम्ही थांबवला. चूक तुमच्या फोनची नाही. अर्धवट अर्ज जपून ठेवला आहे.' क्लायंटकडून उत्तर आलं, की 'आम्ही थांबवला' वाचून लोक मुदतवाढ मागतील. मी म्हणालो, मागू देत. ते वाक्य मीटिंगच्या टिपणात आलं नाही. 'चूक तुमच्या फोनची नाही' हे अनावश्यक ठरलं. शेवटी उरलं ते : 'सध्या गर्दी जास्त आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

मामेभावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगून त्याची त्या वर्षीची शिष्यवृत्ती येणार नाही, असं कारण मी स्वतःला देतो, आणि हे कारण क्लायंटच्या कारणासारखंच आहे हेही मला कळतं. तो आता कॉलेज करून संध्याकाळी मेडिकलमध्ये काम करतो. गेल्या दिवाळीत त्यानं पैसे साठवून नवा फोन घ्यायचं ठरवलं. मला विचारलं, "दादा, फॉर्म नीट भरता येतील असा कुठला घेऊ?" आम्ही अर्धा तास मॉडेलं बघत बसलो.