होडीबद्दल कुणाचा शब्द घ्यावा

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर जुन्या होड्यांचे व्यवहार बरेचसे पावसाळ्यात ठरतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, विकणाऱ्याला पैशांची निकड असते आणि घेणाऱ्याला नारळी पौर्णिमेआधी तयारीला लागायचं असतं. मी आउटबोर्ड मशीनचा मेस्त्री. घेणारा मला सोबत नेतो आणि होडी-मशीन तपासून झालं की विचारतो, "मेस्त्रींनू, घेवची काय नको?"

या तपासणीत एक मूळचीच अडचण आहे. होडी वर ओढलेली असते तेव्हा तिचा तळ बघता येतो, पण मशीन पाण्यात भाराखाली चालवता येत नाही. होडी पाण्यात असते तेव्हा मशीन चालवता येतं, पण तळ दिसत नाही. आख्खी होडी एका वेळी कुणालाच दिसत नाही. आणि तिचा मागचा काळ तर कोणत्याच ऋतूत दिसत नाही.

रत्नागिरीला बी.ए. करताना मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' तेव्हा परीक्षेपुरता वाचला. पुढे मशीन उघडायला लागलो आणि लक्षात आलं, की त्या छोट्या पुस्तकातला प्रश्न मला रोज पडतो आहे: मला हे कळलं म्हणतो, ते कशावरून? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ज्ञानाची चार साधनं मानतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. माझं काम मुख्यतः उपमान सोडून उरलेल्या तिन्हींवर चालतं, आणि त्यातल्या कुठल्या साधनाने काय कळतं याची सरमिसळ झाली तर माणूस खोल पाण्यात अडचणीत येतो.

डोळ्यांना दिसतं त्यापासून सुरुवात करू. फायबरची होडी मी आधी कोरडी होऊ देतो, मग हत्याराच्या प्लास्टिकच्या मुठीने तळ इंच इंच वाजवत जातो. फणस तयार झाला की नाही हे वाजवून कळतं, तसंच हे. जिथे फायबरचे थर एकमेकांना धरून आहेत तिथे आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. वरच्या जेलकोटमधून पाणी आत शिरलं असेल तर बारीक फोड येतात. एखादा टोचला तर आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सर्वांत जास्त वेळ मी मागच्या फळीला देतो, ज्याला ट्रान्सम म्हणतात, कारण मशीनचा सगळा भार तिच्यावर. तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून फायबर जसंच्या तसं चकचकीत राहतं. मशीन वर उचलून त्याच्या पायावर जोर दिला आणि फळी लवली, किंवा बोल्टांभोवती चांदणीसारख्या चिरा दिसल्या, तर मी तिथेच थांबतो. मशीनला लावलेला जस्ताचा तुकडा, अ‍ॅनोड, अर्धा झिजलेला असला तर मला बरं वाटतं. समुद्राचं खारं पाणी धातू खातं, ते आधी याला खावं म्हणून तो लावलेला असतो. त्याच्यावरून कुणी हौसेने रंग फिरवला असेल तर त्याचं काम बंद पडलेलं असतं आणि इतके दिवस पाण्याने दुसरंच काहीतरी खाल्लेलं असतं.

आता धूर. न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला डोंगरावरचा धूर पाठ असतो: धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. उलट दिशेने मात्र चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि उपाधी न ओळखता केलेलं अनुमान ते टाकून देतात.

घेणारी पोरं हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि सांगतात, निळा धूर म्हणजे मशीन ऑइल खातं. चार-स्ट्रोक मशीनच्या बाबतीत हा संशय योग्य आहे. जुन्या दोन-स्ट्रोक मशीनमध्ये मात्र ऑइल इंधनातच मिसळलेलं असतं, तिथे थोडा निळसर धूर निघणारच. खूण तीच, मशीन वेगळं, म्हणून अर्थ वेगळा. तसंच सुरू होण्याचं. मशीन एका झटक्यात सुरू झालं की घेणारा खूष होतो. मी आधी हात लावून बघतो. ते कोमट असेल तर आम्ही पोचण्याआधी कुणीतरी चालवून ठेवलेलं आहे, आणि गरम मशीन सुरू होण्यावरून थंड मशीनबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मी गप्प बसून ते थंड व्हायची वाट बघतो. गिअरचं ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून ते एकमेकांशी जुळतं का हे बघतो. एवढं सगळं करून अनुमान मला मशीन आज कसं आहे इथपर्यंत आणून सोडतं.

पण मशीन कधी बुडालं होतं का? हे कळणं सगळ्यात गरजेचं असतं. खाऱ्या पाण्यात बुडालेलं मशीन लगेच बाहेर काढून, गोड्या पाण्याने धुऊन, ऑइल मारून चालवलं तर वाचतं. दोन दिवस तसंच पडलं तर आतल्या बेअरिंगांना गंज धरतो, आणि तरीही नंतर साफ करून, रंग मारून ते काही काळ झकास चालतं. मग एके दिवशी किनाऱ्यापासून दूर असताना जाम होतं. त्या दोन दिवसांत काय झालं हे एका माणसाला माहीत असतं. त्याच्या जिभेशिवाय ते दुसरीकडे कुठेही नोंदलेलं नसतं.

इथे शब्दप्रमाण येतं. वैशेषिकांचं आणि बौद्धांचं म्हणणं, की शब्द हे वेगळं साधन मानायची गरज नाही. माणूस भरवशाचा आहे असं आपण आधी अनुमान करतो आणि म्हणून त्याचं ऐकतो. कॉलेजात मला हे पटायचं. आता पटत नाही. विकणाऱ्याच्या भरवशाबद्दल अनुमान करत बसलो तर त्याला शेवट नाही. एखादा स्वतःहून लहानसा दोष सांगतो, मोठा झाकण्यासाठी. दुसरा चाचरतो, कारण त्याला बोलायची सवय नाही. खुणा दोन्हीकडे वळतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण असं म्हटलं आहे, आणि वात्स्यायनाने आप्त कोण हे फोड करून सांगितलं: ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशी ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे. ऋषी असो, आपला असो, परका असो, लक्षण एकच, असंही तो म्हणतो. दोन अटी आहेत, आणि दुसरी अट ज्ञानाची नाही, इच्छेची आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला सत्य मिळणं हे सांगणाऱ्याच्या धर्मावर अवलंबून आहे. मला हे फार गंभीर वाटतं.

रत्नागिरीकडचे एक म्हातारे मुसलमान नाखवा होडी विकत होते. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आधी आम्हाला होडीच्या उजव्या कुशीशी नेलं, खडकावर आपटली होती ती जागा दाखवली आणि दुरुस्ती आतून कुठपर्यंत गेली आहे ते बोटाने आखून दिलं. मग त्यांनी पैगंबरांची गोष्ट सांगितली. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. त्यांनी विचारलं, मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं? दुरुस्ती मजबूत होती, मी वाजवून खात्री केली. पण ती जागा मला एरवी सापडली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, इतका वरचा रंग एकजीव झाला होता.

आपल्या शास्त्रकारांनी घेणाऱ्यालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखायच्या मुदती दिल्या आहेत: बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नाला ७, दुभत्या जनावराला ३. त्याच यादीत दास-दासींच्याही मुदती आहेत, आणि ते वाचताना मान खाली जाते. होडी यादीत नाही. मी माझ्यापुरती तिची मुदत ठरवली आहे: पावसाळ्यात विसार द्यायचा, उरलेली रक्कम होडी पाण्यात उतरवून, माणसं बसवून, मशीन पूर्ण जोराने चालवून बघितल्यावर. हे कागदावर लिहून घ्यायचं. सरळ मालक याला नाही म्हणत नाहीत.

आणि कौल. आमच्याकडे होडी घेण्याआधी देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली की होकार. मीही लावतो आणि श्रद्धेने लावतो. एकाने मात्र मला सांगितलं, की कौल मिळाला आहे, आता तपासणी नको, देवावर संशय घेतल्यासारखं होईल. मी त्याला शंकराचार्यांचं गीताभाष्य सांगितलं. अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात ते म्हणतात, की शंभर श्रुतींनी जरी अग्नी थंड आहे असं सांगितलं तरी त्या प्रमाण ठरणार नाहीत. श्रुतीचा अधिकार जिथे इंद्रियं पोचत नाहीत तिथला. वेदांना सर्वोच्च मानणारा माणूस हे लिहितो. मग कुजलेली फळी कौलाने कशी घट्ट होणार? ही होडी माझ्या नशिबी आहे का, दर्या मला सांभाळील का, हे देवाला विचारावं. फळी बघायला त्याने हात आणि कान दिले आहेत, आणि ते न वापरणं मला भक्ती वाटत नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मगे बघा तुमी." बघितलं. फळी चांगली होती.

माझाही शब्द शेवटी शब्दच. घेणारा माझ्या सांगण्यावर पोराबाळांना घेऊन पाण्यात जातो. म्हणून मी कागदावर तीन भाग करून लिहून देतो: पाहिलेलं, ताडलेलं, ऐकलेलं. विकणारा बऱ्याचदा माझं रोजचं गिऱ्हाईक असतो, नात्यातला असतो. त्याला राग येतो. येऊ दे.

गेल्या पावसाळ्यात एक बाई नवऱ्याच्या पश्चात होडी विकत होती. मशीन कधी बुडालं होतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "माका म्हायत नाय. ते सांगी नसत." सांगायची इच्छा पुरेपूर, माहिती मात्र नवऱ्याबरोबर गेलेली. घेणाऱ्याने लगेच किंमत पाडायला सुरुवात केली. त्याच्या बाजूने बघितलं तर ते चूक नव्हतं, मागचं काही कळत नाही म्हणजे धोका आहेच. पण खोटं बोलणाऱ्याला पूर्ण किंमत मिळते आणि माहीत नाही असं खरं सांगणारीला कमी, हे मला सहन होईना. मी दोघांना थांबायला सांगितलं आणि मशीन वर्कशॉपला नेलं. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला, फ्लायव्हील काढून खालची बाजू बघितली, वायरींचे जोड सोडवून हिरवा गंज शोधला, कव्हरच्या कोपऱ्यांत मिठाची पुटं शोधली. काही मिळालं नाही. या कामाचे पैसे मी दोघांकडूनही घेतले नाहीत. कागदावर 'ताडलेलं' या भागात मी हे सगळं लिहिलं आणि 'ऐकलेलं' या भागात लिहिलं: मालकिणीला माहीत नाही, तसं तिने सांगितलं आहे. घेणाऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि तिने आधी सांगितलेल्या किमतीचा विसार दिला.