बंद उपाहारगृहाचा शोक

बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीस, मोटारी थांबत आणि आम्ही उतारू बटाटेवड्यांचा समाचार घेत असूं. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति-मार्ग पुरा झाला, रहदारी तिकडे वळली, व जुन्या रस्त्यावरील आमच्या परिचयाचें एक उपाहारगृह पुढें बंद पडलें. परवां त्याचें कुलूप पाहून आम्हांस गहिंवरून आलें. चिरंजीवांनीं सहज विचारलें, “बाबा, येथें शेवटचे केव्हां आलां होतां?” वीस वर्षांत एकदांही नाहीं! वेळ वाचविणाऱ्यांत आम्हीही होतोंच. ज्याच्या अंतास आपला हातभार लागला, त्याचा शोक करण्याचा अधिकार आपणांस उरतो काय? शोक खोटा नव्हे. पण तो आपल्या गेलेल्या दिवसांचा, त्या चुलीचा नव्हे. गल्ल्यावरील वृद्ध गृहस्थ, गाडी लागली कीं, ह्याच चिरंजीवांस न मागतां लिंबाची फोड देत. त्यांचें नांव आम्ही कधीं विचारलें नाहीं.