शिष्याचें काम पुरें कोणीं करावें?

संगणकाच्या ज्या आज्ञावली कोणासही वाचतां व सुधारतां येतात, त्यांच्या घडणींत विद्यार्थ्यांनीं उन्हाळ्यांत उमेदवारी करावी, म्हणून गूगल कंपनीनें २००५ सालीं 'समर ऑफ कोड' हा उपक्रम काढला. विद्यार्थ्यास विद्यावेतन मिळतें. मार्गदर्शक स्वेच्छेनें राबतो. हिवरखेडास घरीं बसलेल्या मुलाचा गुरु दुसऱ्या खंडांतही असावयाचा; दृष्टभेट बहुधा नाहींच.

खरा पेंच शेवटच्या परीक्षणाचा. मुलगा कष्टाळू, पण काम अपुरें. नापास ठरविल्यास उरलेला हप्ता बुडतो. तेव्हां गुरूनें चार रात्री जागून तें स्वतःच पुरें करावें काय? वरकरणी ही दया दिसते. आमच्या मतें ती दया नव्हे. मुलाच्या नांवावर परक्याचें काम चढतें, आणि उद्यां त्यांत दोष निघाल्यास तो काढणें त्यास साधत नाहीं. शिवाय त्या आज्ञावलीवर विसंबणारे अनोळखी लोक आहेत. त्यांच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार गुरूस कोणीं दिला?

गुरूची चूक बहुधा आधींचीच असते: मधल्या परीक्षणांत 'ठीक आहे' म्हणून सोडून दिलेलें. पण सारा दोष त्याचाही नव्हे. आमच्या घरांतून वडिलांस प्रश्न विचारणें हा उद्धटपणा समजतात. म्हणून मूल अडलें तरी आठ-आठ दिवस गप्प बसतें. मग एके दिवशीं लांबलचक क्षमापत्र येतें, आणि अडलें कोठें, एवढेंच त्यांत नसतें.