छाननीचा दिवस आणि याचिकेची वर्षे

लोकसत्ताक राज्यपद्धतीची चर्चा करताना मताधिकाराचे माहात्म्य आपण मुक्तकंठाने सांगतो. परंतु मतदाराच्या हाती जी नावांची यादी येते ती सिद्ध कशी होते, तिच्यात कोण राहतो आणि कोण गळतो, याविषयी आपली जिज्ञासा फार अल्प असते. मतदानाच्या कितीतरी आधी, कचेरीतील एका मेजावर, अर्जांच्या छाननीच्या दिवशी, निवडणुकीतील एक महत्त्वाचा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि त्यात मतदाराचा काहीही हात नसतो. २०२४ साली सुरत लोकसभा मतदारसंघात सूचकांच्या सह्यांच्या वादातून एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, उरलेल्यांनी माघार घेतली, आणि तेथील मतदारांना मत देण्याचा प्रसंगच आला नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवारीसाठी घातलेल्या अटी वरकरणी माफक आहेत: मतदारयादीत नाव, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक व इतरांना दहा सूचक, लोकसभेसाठी २५,००० आणि विधानसभेसाठी १०,००० रुपयांची अनामत, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिची निम्मी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयापासून गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागते, आणि ही भर मला सर्वस्वी स्वागतार्ह वाटते, कारण तिच्यामुळे मतदाराला उमेदवार पारखून घेता येतो. प्रत्येक अटीला काही सबळ कारण आहे. सारभूत नसलेल्या दोषासाठी अर्ज फेटाळू नये, असेही कायद्याच्या ३६व्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. परंतु दोष सारभूत आहे की क्षुल्लक, हे ठरविणारा शेवटी एक माणूस असतो. त्याच्या हाती वेळ थोडा असतो, समोर अर्ज पुष्कळ असतात, आणि तो कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या हातून चूक होऊ शकते. ती झाली तर दाद कोठे आणि केव्हा मागावयाची?

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच मिळाले. मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज २८ नोव्हेंबर १९५१ रोजी छाननीत फेटाळला गेला, तेव्हा त्यांनी उच्च न्यायालयाकडे व पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. २१ जानेवारी १९५२ रोजी न्यायमूर्ती फझल अली यांनी दिलेल्या निकालाचा आशय असा की, निवडणूक ही अधिसूचनेपासून निकालापर्यंत चालणारी एक अखंड क्रिया आहे, राज्यघटनेच्या ३२९व्या कलमाने तिच्या मध्यावर न्यायालयांना प्रतिबंध केला आहे, आणि तक्रारदाराला मार्ग एकच, तो म्हणजे सारे आटोपल्यावर निवडणूक याचिका दाखल करण्याचा. ज्या देशात कोट्यवधी प्रौढ प्रथमच मतदान करीत होते, तेथे प्रत्येक मतदारसंघातील मतदान एकेका मनाईहुकुमासाठी अडून राहिले असते, तर प्रजासत्ताकाचा आरंभच खुंटला असता. म्हणून त्या निर्णयातील विवेक मला मान्य आहे.

मात्र प्रक्रियेच्या मध्यावर न्याय नाकारणाऱ्या याच कायद्याने, निकालानंतरच्या न्यायाला असाधारण सामर्थ्य दिले आहे. अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला गेला एवढे सिद्ध झाले की, विजयी उमेदवाराचे मताधिक्य कितीही असो, त्याची निवड रद्द ठरते. याउलट अर्ज अयोग्य रीतीने स्वीकारला गेला असेल, तर त्यामुळे निकाल बदलला असता हे याचिकाकर्त्याने पुराव्यानिशी दाखवावे लागते. गाझीपूरच्या १९५४ मध्ये निकालात निघालेल्या प्रकरणात विजयी उमेदवाराचे मताधिक्य १,८७२ होते, आणि ज्याचा अर्ज स्वीकारावयास नको होता त्याला १,९८३ मते पडली होती. तरीही ती मते दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे वळली असती असे गृहीत धरण्यास सर्वोच्च न्यायालय तयार झाले नाही. अनुचित स्वीकाराने झालेली हानी मोजता येते, निदान मोजण्याचा यत्न करता येतो; परंतु जो माणूस रिंगणातच उतरू शकला नाही, त्याला किती मते पडली असती हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि म्हणून त्याच्या वगळण्याने संपूर्ण मतदारसंघाचीच निवड अपुरी राहिली असे कायदा मानतो. त्या एका उमेदवाराच्या हक्काइतकेच मतदाराच्या निवडीलाही मोल देणाऱ्या या तत्त्वाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

दुर्दैवाने हा आदर व्यवहारात टिकत नाही. याचिका निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करावयाची आणि उच्च न्यायालयाने ती शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावयाची, असे कायदा सांगतो. पण वस्तुस्थिती काय आहे? मुंबईच्या विलेपार्ले मतदारसंघातील डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीचा वाद वास्तविक प्रचारातील भाषणांचा होता, अर्जाचा नव्हता. परंतु त्याचा कालक्रम बोलका आहे. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द ११ डिसेंबर १९९५ रोजी आला. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती, आणि १९९० व १९९५ अशा दोन सार्वत्रिक निवडणुकाही होऊन गेल्या होत्या. नामक्कलच्या निकालाने उमेदवाराला थांबावयास सांगितले, ते निवडणुकीनंतर न्याय मिळेल या भरवशावर. तो भरवसाच वर्षानुवर्षे लांबला, तर त्याने थांबावे तरी कशासाठी?

निवडणूक लढविण्याचा आणि तिला आव्हान देण्याचा हक्क मूलभूत नसून केवळ कायद्याने दिलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ज्योती बसूंच्या प्रकरणात म्हटले आहे. हे विधान सहसा हक्काची मर्यादा दाखविण्यासाठी उद्धृत होते. मला त्यातून विधिमंडळाची जबाबदारीच अधिक स्पष्ट होताना दिसते: हक्क ज्या कायद्यातून आला, तो कायदाच तो हक्क वेळेवर पोहोचवू शकतो. तसे करणे अशक्य नाही याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नगरपरिषदांच्या निवडणुकीत छाननीतील निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयाकडे अपील करण्याची तजवीज आमच्या नियमांत आहे. आणि ज्या घटनेने लोकसभेच्या निवडणुकीला न्यायालयीन हस्तक्षेपापासून संरक्षण दिले, तिच्याच २४३-यछ कलमात नगरपालिकांच्या निवडणुकीलाही तसेच संरक्षण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये काही नगरपरिषदांतील अपिलांचे निकाल लांबले आणि २ तारखेचे मतदान तेथे २० तारखेवर गेले. त्यावरून पुष्कळ गदारोळ झाला, आणि उमेदवारांची व शासनयंत्रणेची गैरसोय झाली हेही खरे. परंतु अठरा दिवसांचा विलंब आणि मुदत संपल्यानंतर हाती पडणारा निकाल या दोहोंत निवड करावयाची झाली, तर मी विनासंकोच पहिला पत्करीन. आणि लोकसभा-विधानसभांच्या वेळापत्रकातही छाननी व माघार यांच्या दरम्यान अशा अपिलासाठी आठवडाभराची जागा काढावी, असे मला मनापासून वाटते.