कुरूप बंदूक

दिवाळीच्या टिकल्या आणायला म्हणून धाकट्या चिरंजीवांना घेऊन बाजारात गेलो आणि खेळाच्या सामानाच्या एका दुकानासमोर अडकलो. काचेमागे छर्‍याच्या दोन बंदुका उभ्या होत्या. एक जुन्या घाटाची, तुकतुकीत लाकडी दस्त्याची. दुसरी काळीकुट्ट, प्लास्टिकच्या अंगाची, सैनिकाच्या हातात असते तशी. पोटाखाली गोळ्यांची वाकडी पेटीसुद्धा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती काळी बघा!" मी म्हणालो, "शी! किती कुरूप!"

"का?"

वर्गात हा प्रश्न विचारणार्‍या मुलाचे मी तोंडभर कौतुक करतो. घरच्या मुलाने विचारला की पंचाईत होते. मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाने सौंदर्यशास्त्राच्या वाटेला जाऊ नये हे खरे. पण बापाला तेवढी सवलत नसते.

परतताना मी उत्तर जुळवले. या बंदुकीत दारू नसते, असते ती एक स्प्रिंग. नळी मोडून खाली ओढली की ती दबते. चाप ओढताच सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि कोंडलेली हवा साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याला बाहेर हाकलते. म्हणजे सायकलच्या पंपाचीच ही धाकटी बहीण. छर्रा एका वेळी एकच, तोही हाताने भरायचा. मग पोटाखाली पेटी कशाला? दुकानदार म्हणाला होता, "आत काही नाही, नुसती शोभा." ती खोटे बोलते, म्हणून कुरूप! मी खूश झालो.

या निकालाला एक साक्षीदारही मिळाला. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्या जातीची रायफल मी प्रथम पाहिली तेव्हा मला ती हाड मोडलेल्या माणसाला बांधण्याची चौकट वाटली होती. दस्त्याचे तुकडे तुकडे, जिकडे तिकडे स्क्रू, गालासाठी वरखाली होणारी फळी. पण त्यातला प्रत्येक स्क्रू कुणाच्या तरी खांद्यासाठी, कुणाच्या तरी गालासाठी असतो. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. मी वहीत देतो तो पूर्णविराम याहून मोठा भरेल. हे कळल्यावर त्या चौकटीचे कुरूपपण माझ्या डोळ्यांदेखत विरघळले. खरे बोलणारी वस्तू हळूहळू सुंदर दिसू लागते, असे मी मनाशी टिपून ठेवले.

पण विचाराची एक खोड आहे; आपण घरी पोचलो तरी तो चालतच राहतो. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गिरार्डोनीची हवेची बंदूक होती. तिचा दस्ता म्हणजेच दाबलेल्या हवेची लोखंडी टाकी, आणि नळीशेजारी वीसएक गोळ्या. ती खेळणे नव्हती, माणसे मारण्यासाठीच घडवलेली होती. तेव्हा काळी बंदूक खोटे बोलते असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? कदाचित ती आपल्या घराण्याची ओळख तेवढी सांगत असेल. लपवत असेल ती दुसरी, लाकडी.

आणि मग मला मामांची बंदूक आठवली. अक्रोडाच्या लाकडाची, तेल चोळून चोळून मधासारखी झालेली. गालाला लावली की गार लागे. मी अकरा वर्षांचा होतो. परसातल्या शेवग्यावर एक बुलबुल बसला होता. त्याला मारायचे असे माझ्या मनात नव्हते. इतकी देखणी वस्तू हातात असताना नेम न धरणे जमले नाही, एवढेच. आवाज फारसा झाला नाही. पक्षी खाली पडल्यावरही बराच वेळ चोच उघडत-मिटत होता. मामी बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत. राख आणून त्यांनी जमिनीवरचे डाग झाकले. बंदूक मी पुसून खुंटीला लावली. खुंटीवरही ती सुंदरच दिसत होती.

रात्री चिरंजीव टिकल्यांच्या डब्या मोजत बसले होते. त्यांना ही हकिकत सांगितली.

"तुमची कसली होती? लाकडाची?"

"हो."

"छान होती?"

"फार छान होती," मी म्हणालो.

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून डब्या मोजायला सुरुवात केली.